रिदम गिटारचे थर वाढवले की आवाज भरदार होण्याऐवजी गढूळ होतो

सहावी तार

नमस्कार. एका गाण्याचे ध्वनिमुद्रण मी सध्या घरीच करत असून रिदम गिटारच्या थरांपाशी, म्हणजे तोच भाग वाजवून एकावर एक ठेवलेल्या ट्रॅकपाशी, येऊन काम अडले आहे. या विषयातील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. अडचण नेमकी कळावी म्हणून तपशील जरा विस्ताराने देत आहे.

गाण्याचा वेग 120 बीपीएम (मिनिटाला 120 मात्रा) आहे. कडव्यांत सहाव्या तारेवर पाम म्यूट केलेला (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेला), मात्रेचे चार भाग करत जाणारा तुटक रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह) आहे आणि धृपदात जी, सी व डी या पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच असलेल्या) मोकळ्या वाजतात. गिटार हंबकर (दुहेरी कॉइलच्या) पिकअपची, नेहमीच्या ट्यूनिंगमधली आहे. ती थेट ऑडिओ इंटरफेसला जोडून ॲम्पचा आवाज मी प्लगइनमधून घेतो. सोबत ड्रम्स, बेस आणि गायन आहे.

सुरुवातीला एकच टेक (एकदा वाजवून केलेले मुद्रण) कॉपी करून एक प्रत पूर्ण डावीकडे आणि दुसरी पूर्ण उजवीकडे ठेवली. आवाज मोठा झाला, पण गिटार मध्यभागीच ऐकू येत राहिली. मग एक प्रत 15 मिलिसेकंद मागे सरकवली, तेव्हा हेडफोनवर एकदम ऐसपैस वाटू लागले. मात्र मास्टरवरचे मोनोचे बटण दाबले की जी कॉर्ड पोकळ होते आणि सी फुगल्यासारखी ऐकू येते. म्हणून शेवटी तोच भाग चार वेळा स्वतंत्रपणे वाजवला. दोन टेक डावीकडे, दोन उजवीकडे आणि चारही ट्रॅकवर तोच प्रीसेट (ॲम्प प्लगइनची साठवलेली सेटिंग) अशी मांडणी आहे. आता मोनोमध्ये त्रास नाही आणि रुंदीही आहे, परंतु कडव्यातल्या रिफची धार गेली आहे, स्नेअर ड्रम गिटारखाली दबतो आणि एकंदर आवाज गढूळ वाटतो. यांतला कोणताही एक टेक सोलो करून ऐकला तर तो चौघांच्या बेरजेपेक्षा जोरकस वाटतो, हे विशेष.

थर नेमके किती असावेत, दुसऱ्या टेकसाठी गिटार किंवा ॲम्पची सेटिंग बदलणे खरोखर गरजेचे आहे का, आणि कॉपी केलेला ट्रॅक कोणत्याच परिस्थितीत चालत नाही का, या तीन गोष्टींवर आपली मते वाचायला आवडतील.

खर्ज

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोहोंची उत्तरे त्यातूनच निघतात.

डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून तंतोतंत एकच लहर बाहेर पडत असेल, तर आवाज समोरून, मधोमध येतो आहे असेच कानाला वाटते. ट्रॅक दोन दिसत असले तरी ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो मध्यभागी ठेवलेला एकच ट्रॅक असतो, फक्त अधिक मोठा. एकसारख्या दोन लहरींची बेरीज केली की पातळी 6 डेसिबलने वाढते, एवढाच काय तो फरक. रुंदी निर्माण होते ती दोन बाजूंमधल्या फरकातून. तोच भाग माणूस दुसऱ्यांदा वाजवतो तेव्हा पिकचा कोन, तारेवरचा दाब, प्रत्येक आघाताची वेळ, तारा दाबून थांबवण्याचा क्षण, यांत सूक्ष्म फरक पडतातच आणि हेच फरक कान रुंदी म्हणून ऐकतो. डबल ट्रॅकिंगचे सगळे इंगित इतकेच आहे.

आता 15 मिलिसेकंदांच्या सरकवण्याबद्दल. साधारण 30 ते 35 मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कान वेगळा मोजत नाही, तो पहिल्यातच मिसळून ऐकतो; हेल्मुट हास यांनी 1949 मधील आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला होता आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्यामुळे हेडफोनवर ती युक्ती छान वाटते. पण दोन्ही बाजू मोनोमध्ये एकत्र आल्या की एक लहर आणि तिचीच उशिरा आलेली प्रत यांची बेरीज होते, आणि काही ठरावीक वारंवारिता एकमेकींना खोडून काढतात. 15 मिलिसेकंदांच्या उशिरासाठी हे खड्डे सुमारे 33, 100, 167, 233 हर्ट्झ अशा क्रमाने पडतात आणि त्यांच्या मध्ये, म्हणजे 67, 133, 200 हर्ट्झ येथे, उंचवटे असतात. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा स्वर 98 हर्ट्झचा आहे. तो जवळजवळ 100 च्या खड्ड्यात पडतो. हिशेब केला तर त्याचा मूळ स्वर सुमारे 20 डेसिबलने खाली जातो. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सी 131 हर्ट्झचा, म्हणजे नेमका उंचवट्यावर. आपली जी कॉर्ड पोकळ आणि सी फुगलेली का ऐकू येते, याचे उत्तर यात आहे. उशीर 15 ऐवजी 12 किंवा 20 केला तर खड्ड्यांची जागा बदलेल, खड्डे जाणार नाहीत. जी सुधारेल आणि दुसरीच एखादी कॉर्ड बिघडेल.

तेव्हा स्वतंत्र टेक घेण्याचा आपला निर्णय योग्यच होता. गढूळपणाचे कारण टेकच्या संख्येपेक्षा चारही ट्रॅकवरच्या त्याच प्रीसेटमध्ये, आणि बहुधा त्या प्रीसेटच्या गेनमध्ये, म्हणजे डिस्टॉर्शन किती चढवले आहे त्यात, आहे. एकट्या गिटारसाठी जो गेन पुरेसा वाटतो तो थर रचताना जवळजवळ नेहमीच जास्त ठरतो. डिस्टॉर्शन वाढले की लहरीचे शेंडे कापले जातात, म्हणजे आवाज दाबला जातो. पिक तारेवर आदळल्याचा पहिला टोकदार क्षण आणि त्यामागून येणारा स्वर यांच्यातले अंतर कमी होते. असे चार सपाट झालेले आवाज एकावर एक ठेवले की उरलीसुरली धारही एकमेकांच्या गुंजनात बुडते. शिवाय प्रत्येक थर स्वतःची उपस्वरांची दाटी घेऊन येतो. म्हणून गेन इतका उतरवा की एकटा ट्रॅक सोलो ऐकताना तो किंचित अशक्त, थोडा कोरडा वाटेल. हे करताना मन धजावत नाही, हे मान्य; पण दोन बाजूंचे दोन टेक एकत्र आले की हवे ते डिस्टॉर्शन बेरजेतून मिळते आणि आघात शाबूत राहतो.

कडव्यांसाठी दोनच टेक ठेवा, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे. 120 बीपीएमला मात्रेचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा असतो आणि पाम म्यूट केलेला स्वर त्याच्या निम्म्याइतकाही टिकत नाही. चार टेकचे आघात 30 मिलिसेकंदांत विखुरले असतील, आणि चांगल्या वादकाकडूनही तेवढे सहज होते, तर त्या तोकड्या स्वराचा निम्मा भाग केवळ विस्कटलेल्या सुरुवातीतच जातो. एकटा टेक अधिक जोरकस वाटतो तो यामुळेच. तुटक रिफला थर जितके कमी तितके चांगले. धृपदातल्या लांब कॉर्डना मात्र ही अडचण तितकीशी भासत नाही, कारण तिथे आघातानंतर स्वराला मोकळीक असते.

निषाद

खर्ज यांच्या गेनविषयीच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे, पण चार थरांना त्यांनी जरा लवकर निकालात काढले असे वाटते. धृपदात चार टेक उत्तम चालतात; अट एवढीच की दुसरी जोडी पहिल्या जोडीचेच काम पुन्हा करणारी नसावी.

माझी पद्धत अशी. पहिली जोडी पूर्ण डावी-उजवीकडे, तिच्यावर मध्यम गेन आणि मिक्समधला मुख्य आवाज तिचाच. दुसरी जोडी दोन्ही बाजूंना साधारण 70 टक्क्यांवर आणि पहिलीपेक्षा 4 ते 6 डेसिबल खाली. या दुसऱ्या जोडीसाठी ॲम्पचे वेगळे मॉडेल, वेगळ्या स्पीकरचा इम्पल्स रिस्पॉन्स (त्या स्पीकरच्या आवाजाचा डिजिटल ठसा) आणि जमल्यास वेगळी गिटार घ्यावी. पहिल्या जोडीत मधल्या वारंवारिता भरलेल्या असतील तर दुसरीत किंचित खरखर आणि वरची किनार असू द्यावी. पहिली हंबकरवर असेल तर दुसरी सिंगल कॉइलवर. आपल्याकडे एकच गिटार असली तरी बिघडत नाही. ब्रिजऐवजी नेकचा पिकअप निवडणे, गिटारवरचा आवाजाचा नॉब सातापर्यंत उतरवून डिस्टॉर्शन मोकळे करणे, जाड पिकऐवजी पातळ पिक घेणे, यांपैकी एखादाही बदल पुरतो. अट पाळली आहे की नाही हे तपासायचे असेल तर दुसरी जोडी म्यूट करावी. धृपद लहान झाल्यासारखे वाटले, पण नेमके काय गेले ते सांगता आले नाही, तर ती जोडी बरोबर बसली आहे. म्यूट केल्यावर धृपद उलट स्वच्छ वाटले, तर ती जोडी काढून टाकण्यात काहीच कमीपणा नाही.

कॉर्डच्या जागा बदलणे हा त्याहूनही परिणामकारक मार्ग आहे आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही. आपल्या धृपदात जी, सी, डी आहेत. पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पट्टी) लावून डी, जी आणि ए यांचे आकार धरले की त्याच कॉर्ड वरच्या पट्ट्यात वाजतात. हा थर कमी गेनवर, जवळजवळ स्वच्छ आवाजात घेतला तर खालच्या पॉवर कॉर्डशी त्याची टक्कर होत नाही आणि धृपद उघडल्यासारखे वाटते.

डिस्टॉर्शनमधून पूर्ण मेजर कॉर्ड हवी असेल, तर आणखी एक युक्ती सुचवतो, कारण इथे थर रचण्याचा खरा उपयोग होतो. डिस्टॉर्शनमध्ये एकाच वेळी दोन स्वर घातले की त्यांच्या वारंवारितांच्या बेरजा आणि वजाबाक्याही नव्याने जन्माला येतात. पॉवर कॉर्डमध्ये हे पथ्यावर पडते: जी 98 आणि डी 147, वजाबाकी 49, म्हणजे पुन्हा जी, फक्त एक सप्तक खाली. मधला बी त्यात मिसळला की तयार होणारे नवे स्वर कॉर्डशी जुळत नाहीत आणि सगळे किरकिरे होते. हेच तीन स्वर तीन वेगवेगळ्या टेकमध्ये एकेकटे वाजवले, तर प्रत्येकावर भरपूर डिस्टॉर्शन असूनही कॉर्ड स्वच्छ ऐकू येते, कारण त्यांची भेट ॲम्पच्या आत होत नाही, मिक्समध्ये होते. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या वाद्यवृंदासारख्या भासणाऱ्या गिटारथरांमागे स्वतंत्रपणे वाजवलेल्या सुरावटींचा हाच विचार आहे.

शेवटी सुराबद्दल. प्रत्येक टेकपूर्वी ट्यूनर लावावा, हे सगळेच सांगतात. पण थर रचताना ते इतके महत्त्वाचे का, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पाचवी मोकळी तार 110 हर्ट्झची. एका टेकमध्ये ती 5 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी असेल तर दोन टेकमधला फरक सुमारे 0.3 हर्ट्झ, म्हणजे तीन सेकंदांत एक संथ हेलकावा. तो उलट सुखद वाटतो. परंतु डिस्टॉर्शन वरच्या उपस्वरांना पुढे आणते आणि आठव्या उपस्वरावर तोच फरक आठपट होऊन सेकंदाला अडीच हेलकावे देतो. लांब धरलेल्या कॉर्डमध्ये ही थरथर स्पष्ट कळते. त्यात तुम्ही डाव्या हाताने एका टेकमध्ये तार जास्त दाबली असेल तर ट्यूनरचा काही उपयोग नाही. जाडसर तारा, हलका हात, आणि शक्य असल्यास मोकळ्या तारेवर नव्हे तर कॉर्ड जिथे वाजवायची आहे त्या फ्रेटवर बोट ठेवून सूर तपासणे, हे उपाय करून पाहावेत.

फीतवाला

चर्चा चांगली रंगली आहे. कॉपी कधीच चालत नाही का, या प्रश्नाला मात्र थोडी जुनी बाजूही आहे, ती मांडतो.

चुंबकीय फितीवर अनेक ट्रॅक वेगवेगळे ठेवण्याची सोय येण्यापूर्वी अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी 1940 च्या दशकात तबकडीवरून तबकडीवर थर रचले होते. एक तबकडी वाजत असताना तिच्यासोबत वाजवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचे, असा तो प्रकार. जो थर आधी घेतला तो प्रत्येक फेरीत पुन्हा छापला जाऊन अधिक झिजणार, आणि एखादा स्वर चुकला तर मागचे सगळे थर त्याच्यासह वाया जाणार. अँपेक्स कंपनीचे आठ ट्रॅकचे यंत्र त्यांच्याकडे 1957 मध्ये आले. प्रत्येक थर कशासाठी आहे हे वाजवण्याआधीच ठरवण्याखेरीज तेव्हा गत्यंतर नव्हते. आज ट्रॅकची संख्या जवळजवळ अमर्याद असल्याने तो निर्णय आपण मिक्सपर्यंत ढकलतो आणि मग गढूळपणाचा उगम शोधत बसतो, असे माझे मत आहे.

1960 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत निर्माते फिल स्पेक्टर एकाच खोलीत अनेक गिटारवादकांना बसवून तोच भाग एकत्र वाजवायला लावत आणि तो सगळा ऐवज मोनोमध्ये घेत. तिथे रुंदीचा प्रश्नच नव्हता. उद्देश होता दाटपणाचा, म्हणजे एकेक वाद्य ओळखू न येता त्यांचा मिळून एक नवाच आवाज तयार होण्याचा. वृंदगानात जसा एकेक गळा वेगळा काढता येत नाही, तसा. सहावी तार यांना रुंदी आणि धार हवी आहे, पण त्यांनी थर रचले ते दाटपणा देणाऱ्या रीतीने. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र चार एकसारखे टेक रचून प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

कॉपीविषयी सांगायचे तर 1966 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओतील, म्हणजे ॲबी रोडवरील स्टुडिओतील, अभियंते केन टाउनसेंड यांनी एडीटी (आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग) ही पद्धत बसवली. बीटल्सच्या गायकांना तोच भाग पुन्हा गाण्याचा कंटाळा येई, त्यावरचा हा तोडगा. मूळ आवाजाची प्रत दुसऱ्या यंत्रावर घेऊन त्या यंत्राचा वेग हाताने किंचित कमी-जास्त करत राहायचे, म्हणजे उशीर स्थिर न राहता सतत डोलत राहतो. खर्ज यांनी सांगितलेले खड्डे इथेही पडतात, पण ते एका जागी ठाण मांडून बसत नाहीत आणि सूरही किंचित हलतो, त्यामुळे कानाला ती दुसऱ्या माणसाची आवृत्ती वाटू शकते. आजच्या डबलर प्लगइनांचा पाया हाच. रिदम गिटारच्या मुख्य जोडीसाठी मी तो वापरणार नाही. परंतु ज्या टेकची जोडी पुन्हा वाजवणे शक्यच नाही, वादक निघून गेला आहे किंवा तो भाग उत्स्फूर्त होता, तिथे डबलर कमी प्रमाणात वापरून एका बाजूला ठेवायला हरकत नसावी.

सहावी तार

सर्वांचे मनापासून आभार. गेन उतरवून कडव्यात दोनच टेक ठेवले आणि फरक लगेच जाणवला. रिफचे तुकडे आता सुटे ऐकू येतात. जी आणि सीचा हिशेब वाचून तर कोडेच उलगडले.

आणखी काही शंका आहेत. दुसरा टेक वाजवताना कानात नेमके काय ऐकावे? पहिला टेक ऐकत वाजवले की मी त्याच्या मागे मागे जातो. आघातांच्या वेळा सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून ग्रिडवर बसवाव्यात का? आणि गिटार आता पुष्कळ सुधारली असली तरी बेस चालू केला की खालच्या भागात अजून गर्दी होते, त्याचे काय करावे?

खर्ज

दुसरा टेक घेताना पहिला टेक पूर्ण बंद करून केवळ ड्रम्स आणि क्लिकवर वाजवून पाहा. दोन्ही टेक एकाच गोष्टीला धरून वाजवले असतील तर ते एकमेकांशी आपोआप जुळतात. दुसरा टेक पहिल्याला धरून वाजवला की पहिल्याचे दोषही तो गिरवतो आणि वर आपला थोडा उशीर त्यात घालतो. पहिला टेक अगदीच हवा असेल तर तो एकाच कानात, हळू ठेवा. इंटरफेसचा बफरही (आवाज पुढे जाण्याआधी क्षणभर साठवून ठेवण्याचा साठा) पाहून घ्या. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने 2.7 मिलिसेकंद, 512 चा म्हणजे 10.7, जाण्या-येण्याचा उशीर त्याच्या दुपटीपेक्षाही थोडा अधिक भरतो. 512 वर वाजवताना हात नकळत पुढे धावू लागतो आणि प्रत्येक टेकमध्ये तो वेगवेगळ्या प्रमाणात धावतो.

ग्रिडवर बसवण्याबाबत माझा सल्ला हात आखडता घेण्याचा आहे. दोन्ही बाजूंचे सगळे आघात नेमके एकाच रेषेवर आणले की ज्या फरकासाठी आपण दुसऱ्यांदा वाजवले तोच पुसला जातो. लक्षात येण्याइतका बाहेर गेलेला आघात तेवढा उचलून जागेवर आणावा, किंवा त्याहून बरे म्हणजे पंच-इन करून तेवढीच मात्रा पुन्हा वाजवावी. आघातांच्या सुरुवातीइतकेच, किंबहुना कडव्यातल्या रिफमध्ये त्याहून अधिक, महत्त्व स्वर जिथे थांबतो त्या क्षणाला आहे. डावीकडची गिटार तुटक थांबली आणि उजवीकडची जराशी रेंगाळली तर कान ताबडतोब पकडतो आणि सगळा रिफ ढिला वाटतो. आपल्या दोन्ही टेकच्या लहरी पडद्यावर एकाखाली एक ठेवून मोकळ्या जागा पाहा. थांबल्यानंतर एकात तारांची कुजबुज शिल्लक असेल तर ती कापा, दोन्हींचा शेवट एका ठिकाणी आणा आणि कापलेल्या जागी चिमूटभर फेड द्या, नाहीतर टक असा आवाज येईल. नॉइज गेट हे काम अंदाजाने करतो, हाताने कापलेले अधिक नीट बसते.

बेसच्या गर्दीबद्दल. सगळे गिटार ट्रॅक एका बसवर (सगळ्यांच्या सामाईक चॅनलवर) आणा आणि तिथेच 80 ते 100 हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहावी मोकळी तार 82 हर्ट्झची असल्याने तिच्याखाली गिटारचा स्वतःचा स्वर नसतो. जे असते ते हाताचे आघात, हादरे आणि निषाद यांनी सांगितलेला तो 49 हर्ट्झचा वजाबाकीचा स्वर. तो भाग बेसचा आहे, त्याची मोकळी ई तार 41 हर्ट्झची असते. पाम म्यूटमुळे मात्र 100 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यात धप्प असा फुगवटा येतो आणि तो सरसकट ईक्यूने (वारंवारितांची पातळी बदलणाऱ्या साधनाने) कापला तर मोकळ्या कॉर्ड बिचाऱ्या कृश होतात. तिथे मल्टिबँड कंप्रेसर किंवा डायनॅमिक ईक्यू वापरून तो पट्टा केवळ फुगला की दाबला जाईल, असे करा. 3 ते 4 डेसिबलची घट पुरेशी असते. वरच्या बाजूला गिटारचे स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या पुढे फारसे काही देत नाहीत. त्यामुळे 9-10 किलोहर्ट्झच्या वरचा भाग लो-पासने काढला तरी गिटारचे नुकसान होत नाही, झांजांना मात्र जागा मिळते. स्नेअर अजूनही दबत असेल तर 2.5 ते 4 किलोहर्ट्झच्या दरम्यान बसवर एक-दोन डेसिबल कमी करून पाहा.

आणि हे सगळे करताना बेस चालू ठेवा. गिटारचा जो दणका श्रोत्याला जाणवतो त्याचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात बेसचा असतो, आणि गिटार एकटी ऐकत ईक्यू लावला की आपण बेसचे काम गिटारकडून करून घेऊ लागतो. धृपदात बेसवर किंचित डिस्टॉर्शन चढवलेत तर तो मध्यभागी तिसऱ्या गिटारसारखा उभा राहतो आणि दोन टोकांच्या गिटारांमधली पोकळी भरून काढतो. कित्येकदा एवढ्यानेच थरांची दुसरी जोडी अनावश्यक ठरते, अर्थात हे निषाद यांना पटणार नाही.

निषाद

नाहीच पटत, डिस्टॉर्शन चढवलेला बेस मध्यभागी दाटी करतो आणि त्याची पहिली किंमत गायनाला मोजावी लागते. गाणाऱ्याचा आवाज खालच्या पट्टीतला असेल तर मी तो मार्ग टाळतो आणि दुसरी जोडी ठेवतो.

एक भर घालतो. सहावी तार यांच्याकडे अकूस्टिक गिटार असेल तर धृपदात तिचा एक थर घेऊन पाहावा, आणि तोही वरच्या तारांच्या ट्यूनिंगमध्ये. यात ई, ए, डी आणि जी या खालच्या चार तारा काढून त्यांच्या जागी बारा तारांच्या गिटारच्या संचातील पातळ तारा, एक सप्तक वर लावतात. वरच्या दोन तारा तशाच राहतात. हात नेहमीच्याच कॉर्ड धरतो, पण आवाजात खालचा भाग जवळजवळ नसतोच, त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारांच्या मध्यभागात तो थर ढवळाढवळ करत नाही. त्यातून ऐकू येते ती मुख्यतः पिकची लय आणि तारांची चमक. हा ट्रॅक इतका हळू ठेवावा की तो गिटारपेक्षा तालवाद्याचा भाग वाटेल.

सहावी तार

अकूस्टिक आहे, तारा मागवून पाहतो. धृपदात चार थर निषाद यांच्या पद्धतीने लावले, दुसरी जोडी 5 डेसिबल खाली ठेवली आणि कॅपोचा थरही घेतला. स्टिरिओमध्ये समतोल उत्तम वाटतो. आता मोनोमध्ये ऐकताना कोणतीही कॉर्ड पोकळ होत नाही, पण सगळ्या गिटार मिळून गायनाच्या तुलनेत थोड्या मागे गेल्यासारख्या वाटतात. टेक स्वतंत्र असूनही असे का व्हावे?

खर्ज

ते लहरी खोडल्या जाण्यामुळे होत नाही, त्यामागे पॅनिंगचा, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे ठेवण्याचा, हिशेब आहे. मध्यभागी ठेवलेले गायन डाव्या आणि उजव्या दोन्ही वाहिन्यांत सारखेच असते; मोनो करताना त्याच्या दोन्ही प्रती एकमेकींत पूर्णपणे मिळतात. पूर्ण बाजूला ठेवलेली गिटार एकाच वाहिनीत असल्याने तिला हा लाभ मिळत नाही. सर्वसाधारण 3 डेसिबलचा पॅन नियम (मध्यभागी ठेवलेला आवाज प्रत्येक वाहिनीत 3 डेसिबल उतरवणारा) लावलेला असेल तर स्टिरिओतल्या समतोलाच्या तुलनेत टोकाच्या गिटार मोनोमध्ये गायनापेक्षा सुमारे 3 डेसिबल मागे पडतात. 70 टक्क्यांवरची आपली दुसरी जोडी दोन्ही वाहिन्यांत थोडीथोडी असल्याने ती तुलनेने कमी मागे जाते, म्हणून मोनोमध्ये दोन जोड्यांमधले अंतरही किंचित बदललेले आढळेल.

ही घट टाळता येत नाही, वाटून घेता येते. गिटार बसची पातळी आधी मोनोमध्ये अशी लावा की कॉर्डची चाल स्पष्ट कळेल. नंतर स्टिरिओमध्ये जाऊन ती गायनावर चढते आहे का ते पाहा आणि चढत असेल तर एक-दीड डेसिबल उतरवा. पहिली जोडी 100 ऐवजी 90 टक्क्यांवर आणली तरी फरक थोडा कमी होतो, पण कडव्यातली रुंदी तेवढी घटेल. त्यामुळे मी आधी पातळीचाच उपाय करून पाहीन.